वीक नो ट्रम्पसमोर 11 पॉइंट: टू नो बोलायचं की पास?

शेफील्डकर

नमस्कार मंडळी. ब्रिज खेळणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा.

इंग्लंडमध्ये बहुतेक क्लबांत बोलीची पद्धत म्हणून अ‍ॅकॉल चालतं, म्हणजे वन नो ट्रम्प (हुकुमाशिवाय 7 हातांची बोली) 12 ते 14 पॉइंटांवर. हाच वीक नो ट्रम्प. परवा क्लबात पेअर्स (जोड्यांची स्पर्धा) होतं. दोन्ही बाजू नॉन-व्हल्नरेबल (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही कमी). भिडूने वन नो उघडलं, उजवीकडून पास, आणि माझ्याकडे ही पानं:

इस्पिक: राणी, गुलाम, 4
बदाम: राजा, 7, 3
चौकट: राणी, गुलाम, 6, 2
किलवर: राणी, 5, 3

मोजून 11. मी पास केलं. भिडूने 8 हात केले, 120 मिळाले. तरी घरी जाताना गाडीत वाद झालाच. तो म्हणतो, 11-12 ला टू नो (8 हातांची बोली) हे ठरलेलं आहे, माझ्याकडे 14 असते तर गेम हुकला असता. माझं म्हणणं, या पानांना 11 म्हणणंच चुकीचं आहे.

तुम्ही काय केलं असतं? आणि वीक नो ट्रम्पसमोर इन्व्हाइट करायचं की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

पुणेरी_डमी

पास. एकही एक्का नाही, एकही दश्शी नाही, 4-3-3-3 चा सपाट आकार. अजून काय हवं?

ठाणेकर_काका

मी भिडूच्या बाजूने. ब्रिज दोघांचा खेळ आहे. 0 ते 10 पास, 11-12 टू नो, 13 च्या पुढे थ्री नो, असं ठरलं असेल तर तसंच बोलायचं. आज तुम्ही 11 ला 10 म्हणालात, उद्या भिडू 14 ला 13 म्हणेल, आणि मग 25 पॉइंट घेऊन दोघंही वन नोमध्ये बसाल. ठरलेल्या बोलीवर भिडूला डोळे झाकून विसंबता आलं पाहिजे.

गणितवेडा

काका, बोलीची शिस्त पाळावी हे मान्य. पण 11-12 हा कंसच मुळात तपासून बघू.

कुठल्याही 13 पानांत नेमके 12 पॉइंट येण्याची शक्यता 8.03 टक्के, 13 ची 6.91, 14 ची 5.69. म्हणजे वन नो उघडणाऱ्याकडे 12 असण्याची शक्यता सुमारे 39 टक्के, 13 ची 33 आणि 14 ची 28. फक्त सपाट आकाराचे हात धरले तरी हे प्रमाण फारसं हलत नाही. आपण मनात 12-14 म्हणजे 'सरासरी 13' धरतो, पण वजन खालच्या टोकाला आहे. त्यात तुमच्याकडे 11 असले की उरलेले 29 तिघांत वाटायचे. वाट्याला 10 सुद्धा येत नाहीत, म्हणून 14 आणखी थोडे दुर्मिळ.

सपाट 11 ला 25 ची बेरीज गाठायला समोर 14 च लागतात. चारातल्या जवळपास तीन वेळा ते नसतात. त्या तिन्ही वेळा तुम्ही वन नो सोडून टू नोमध्ये जाऊन बसता आणि बदल्यात काही मिळत नाही. 7 हातांचा डाव असेल तर 90 च्या जागी उणे 50.

मेंढीकोट_चाहता

मी मेंढीकोट आणि लाडीसवाला. ब्रिज कधी खेळलो नाही. पास करूनही डाव जिंकता येतो एवढं कळलं. पण ते 'इन्व्हाइट' म्हणजे नक्की काय? आणि दश्शी नाही म्हणून एवढं दुःख का? ब्रिजमध्येही मेंढ्या धरतात की काय? :)

बदामराणी

@मेंढीकोट_चाहता, या, बसा. थोडक्यात सांगते.

एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1, अशी मोजणी. पत्त्यांच्या जोडात एकूण 40 पॉइंट. दोघा भिडूंचे मिळून साधारण 25 झाले की नो ट्रम्पमध्ये 9 हात होण्याची बऱ्यापैकी आशा असते, आणि 9 हातांची बोली लावून ते केले की गेमचा मोठा बोनस मिळतो. बोली न लावता 9 केले तर बोनस नाही. म्हणून 'तुझ्याकडे वरचं टोक असेल तर गेम बोल, नाहीतर इथेच थांब' असं भिडूला विचारायचं. टू नो म्हणजे तो प्रश्न.

आता दश्शी. मेंढीकोटात सगळा जीव तिच्यात, आणि ब्रिजच्या मोजणीत तिला शून्य! पण नो ट्रम्प खेळताना राणी-दश्शी-नव्वी ही राणी-तिर्री-दुर्रीपेक्षा कितीतरी मोठी. विरुद्ध बाजूचे राजा-एक्का गेले की मधली पानं आपोआप वर येतात. शेफील्डकरांच्या पानांत सर्वांत मोठं बारीक पान 7 आहे. बदामाची सत्ती. मी इथे एक पॉइंट सरळ वजा केला असता, आणि 4-3-3-3 साठी अर्धा. उरले साडेनऊ. पास.

सातारचा_भिडू

शेफील्डकर, भिडूची पानं लिहा ना. दोन्ही हात समोर असले की बोलायला बरं.

शेफील्डकर

घ्या:

इस्पिक: राजा, 8, 5
बदाम: एक्का, 6, 4, 2
चौकट: राजा, 7, 4
किलवर: राजा, 8, 6

13 पॉइंट. तोही 4-3-3-3. चौकट 3-3 फुटली म्हणून 8 झाले, एरवी 7 च. ज्या जोड्या टू नोवर पोचल्या त्यांनाही आमच्याएवढेच 120, दोघांनी थ्री नो लावलं ते एक डाऊन (बोलीपेक्षा एक हात कमी).

सातारचा_भिडू

धन्यवाद. आता हे बघा. भिडूची पानं तशीच ठेवा आणि माझ्या हातात ही द्या:

इस्पिक: एक्का, 10, 4
बदाम: 10, 9
चौकट: एक्का, राणी, 10, 9, 3
किलवर: गुलाम, 9, 5

हेही 11 च. बेरीज पुन्हा 24. पण चौकटीचे पाच हात जवळजवळ तयार, इस्पिकचे एक्का-राजा, बदामाचा एक्का, झाले 8. नववा हात किलवरच्या राजाचा: एक्का राजाच्या आधी खेळणाऱ्याकडे असला की झाला, आणि उतारीच किलवरची आली तर विचारायलाच नको. इथे मला गेममध्ये असायला आवडेल, समोर 12 असले तरी.

तुमच्या डावात तीन एक्के विरुद्ध बाजूला होते. इस्पिकचा काढायला एकदा हात सोडायचा, चौकटीचा काढायला पुन्हा एकदा, आणि तेवढ्या वेळात ते आपला रंग उभा करून बसतात. राण्या आणि गुलाम पॉइंट दाखवतात, पण नो ट्रम्पमध्ये त्या वेळखाऊ असतात. पाच पानांचा रंग पॉइंट दाखवत नाही, पण हात देतो.

म्हणून माझं उत्तर: पहिल्या 11 ला पास, दुसऱ्या 11 ला टू नो सुद्धा नाही, सरळ थ्री नो.

ठाणेकर_काका

11 ला थेट थ्री नो? हे फार झालं.

लीड_कोणाची

काका, फार नाही झालं. मी उलट्या बाजूने सांगतो, बचाव करणाऱ्याच्या खुर्चीतून.

वन नो – टू नो – थ्री नो अशी बोली झाली की माझ्या डावीकडे-उजवीकडे काय आहे ते मला फुकट कळतं. स्वीकारणाऱ्याकडे 14, फार तर चांगले 13. डमी (डाव खेळणाऱ्याच्या भिडूची उघडी मांडलेली पानं) खाली आली, तिच्यात 11 मोजले. माझ्याकडे 9. 40 मधून 11, 14 आणि 9 गेले, उरले 6. ते माझ्या भिडूचे. आता मला ठाऊक आहे की त्याच्याकडे एक एक्का आणि एक राणी असू शकते, दोन एक्के कधीच नाहीत. पुढचा सगळा बचाव मी या एका वजाबाकीवर खेळतो. दुसऱ्या हाताला राजा टाकायचा की दाबून ठेवायचा, हे प्रश्नच उरत नाहीत.

तेच वन नो – थ्री नो झालं की समोरचा 12 चा आहे की 14 चा, मला पत्ता नाही. डमीकडे 13 असतील असं मी धरून चालतो. उतारी अंधारात करावी लागते. कित्येक थ्री नो अशा अंधारातल्या उतारीवर होऊन जातात.

तुमच्या इन्व्हाइटची सर्वांत मोठी किंमत ही. टू नो एक डाऊन जातं ती दिसते तरी. ही स्कोअरकार्डवर कुठेच दिसत नाही.

बदामराणी

+१. आणि वीक नो ट्रम्पमध्ये हे जास्त लागू. ताकद दोन्ही हातांत सारखी वाटलेली असते, त्यामुळे झाकलेला हात कसा आहे याचा अंदाज बांधणं बचावाला मुळात अवघड. आपणच कशाला सांगायचं?

चौथा_भिडू

सगळे पेअर्सवर बोलताय. टीमचा सामना असेल तर? आमच्याकडे टीममध्ये व्हल्नरेबल असताना 'गेमचा वास आला की बोला' असं शिकवतात.

गणितवेडा

योग्य प्रश्न. हिशेब मांडतो.

टीम, व्हल्नरेबल. थ्री नो लावून केलं: 600. न लावता 9 केले: 150. फरक 450, म्हणजे 10 इम्प (टीमच्या सामन्यातले गुण). लावून एक डाऊन: उणे 100, न लावता 8 केले असते तर 120. फरक 220, म्हणजे 6 इम्प. 16 मधले 6, साडेसदतीस टक्के. तेवढी आशा असली तरी गेम परवडतो.

नॉन-व्हल्नरेबल: 400 आणि 150, फरक 250, 6 इम्प. उणे 50 आणि 120, फरक 170, 5 इम्प. 11 मधले 5, म्हणजे सुमारे 45 टक्के. पेअर्समध्ये ढोबळमानाने 50.

'गेमचा वास' इथून येतो आणि तो खरा आहे. पण हा हिशेब गेम लावायचा की नाही याचा आहे, इन्व्हाइट करायचं की नाही याचा नाही. इन्व्हाइटला वेगळा टोल आहे. समजा, सपाट 11 समोर भिडूने 28 टक्के वेळा स्वीकारलं आणि त्यातले 55 टक्के गेम झाले. व्हल्नरेबल असताना त्या डावांत सरासरी कमाई 2.8 इम्प, सगळ्या डावांवर पसरली की 0.8 च्या जवळ. उरलेल्या 72 टक्क्यांत भिडू थांबतो. त्यातल्या चौथ्या हिश्शात 7 च हात होतात असं धरा, तर प्रत्येक वेळी 90 च्या जागी उणे 100, 5 इम्प गेले. सगळ्या डावांवर 0.9. म्हणजे व्हल्नरेबल असतानाही बरोबरीच, आणि वर @लीड_कोणाची यांनी सांगितलेली माहितीची गळती मी धरलेलीच नाही. नॉन-व्हल्नरेबल असताना कमाई 0.3 वर येते आणि खर्च 0.7 राहतो. तिथे तर वादच नको.

55 टक्के आणि चौथा हिस्सा हे मी धरलेले आकडे आहेत, पटत नसतील तर बदलून बघा. चित्र फारसं बदलत नाही.

चौथा_भिडू

म्हणजे व्हल्नरेबल टीममध्ये सुद्धा सपाट 11 ला पास, आणि जरा बऱ्या 11 ला थेट उडी?

गणितवेडा

बऱ्या 11 ला इन्व्हाइट, फार चांगल्या 11 ला आणि बहुतेक 12 ला उडी. मधला कंस जेवढा अरुंद तेवढा चांगला.

हुकुमाची_तिर्री

थोडं अवांतर. अ‍ॅकॉल हे नाव लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या अ‍ॅकॉल रोडवरून आलं. 1930 च्या दशकात तिथल्या क्लबात ही पद्धत घडली. सुरुवातीला व्हल्नरेबल असताना नो ट्रम्प स्ट्राँग आणि नसताना वीक, असंही बरेच जण खेळत. प्रिसिजन या दुसऱ्या बोलीपद्धतीत मूळचं वन नो 13 ते 15 चं. 1969 च्या बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत तैवानने प्रिसिजन खेळून अंतिम फेरी गाठली, तेव्हा जगाचे डोळे विस्फारले होते.

तर 15-17 म्हणजेच खरं वन नो, हा आपल्याकडचा समज सोडायला हवा.

मेंढीकोट_चाहता

ब्रिजच्या जागतिक स्पर्धा होतात? आमच्या घरी पत्ते काढले की आजी 'जुगार नको' म्हणायची.

हुकुमाची_तिर्री

आजींना सांगा, 2018 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये भारताला ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळालं. पुरुषांच्या जोड्यांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार. बर्धन तेव्हा 60 वर्षांचे होते. मिश्र संघ आणि पुरुष संघाचं कांस्य वेगळं.

ठाणेकर_काका

तो अंतिम दिवस आम्ही क्लबात एकत्र जमून निकाल बघत होतो. टाळ्या, पेढे, सगळं झालं. आमच्या वयाच्या माणसांना त्या पदकाने काय दिलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

असो. मूळ विषयावर येतो. माझा एक मुद्दा कोणी घेतला नाही. इथे भारतात बहुतेक जण 15-17 खेळतात, मग हा सगळा खल आम्हाला कशाला?

बदामराणी

काका, तुमच्या टेबलावर हाच प्रश्न एक फेरी उशिरा येतो. तुमचा भिडू 12-14 सपाट पानांवर वन किलवर उघडतो, तुम्ही वन बदाम म्हणता, तो वन नो म्हणतो. आता तुमच्याकडे 11. तोच भिडू, तेच 12-14, तीच 39-33-28 ची विभागणी. फरक एवढाच की तोवर विरुद्ध बाजूला तुमचे दोन रंग ऐकायला मिळालेले असतात आणि तुमच्या बदामाला भिडूकडे चार पानांची साथ नाही हे तुम्हालाही कळलेलं असतं. म्हणजे उलट तिथे जास्त जपून.

आणि 15-17 समोर 8 पॉइंटांवर इन्व्हाइट करतानाही विभागणी खालच्याच टोकाला झुकलेली असते, आणखी जास्त. 15 चे हात 17 च्या जवळपास दुप्पट येतात.

ठाणेकर_काका

हे मात्र पटलं. वन नो रीबिडनंतर (भिडूच्या दुसऱ्या बोलीत वन नो आल्यावर) मी 11 ला विचार करून पास करतो आणि ओपनिंग वन नोनंतर विचार न करता टू नो बोलतो, यात मेळ नाही. पण 24 पॉइंट 12-12 असे वाटलेले असले की या हातातून त्या हातात जायला यायला वाटा राहतात. 20 आणि 4 असे असले की डमीत एकदाही जाता येत नाही. म्हणून वीक नो ट्रम्पनंतरचे 24 मला जास्त मोलाचे वाटतात. तुमच्या हिशेबात ते कुठे आहे?

सातारचा_भिडू

काका, हा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच 12 ला मी इन्व्हाइट जवळजवळ सोडूनच दिलंय. 12 समोर 12 असले तरी 24, वाटा मोकळ्या, उतारी अंधारातली. सपाट आणि एक्के नसलेले 12 असतील तर टू नो, नाहीतर थ्री नो.

शेफील्डकर

उत्तम चर्चा चालली आहे, सगळ्यांचे आभार. भिडूला गणितवेडांचे आकडे इंग्रजीत लिहून पाठवले. त्याचं उत्तर आलं: "14 असते तर?" :) 28 टक्क्यांतच त्याचा जीव अडकलाय.

एक गोष्ट इथल्या खेळाडूंकडून शिकलो ती सांगतो. वन नोवर 11 घेऊन पास केलं की डाव तिथेच संपतो असं नाही. इंग्लंडमध्ये वीक नो ट्रम्पला शेवटच्या खुर्चीवरून हमखास छेडतात (मध्ये आपली बोली लावतात), कारण वन नोवर दोन पास आले की समोरच्यांना वाटतं, ताकद आपल्याकडे आहे. त्यांच्याकडे असतात दोघांत मिळून 15 ते 17. त्यांनी टू बदाम वगैरे म्हटलं की माझ्या 11 ला डबल (त्यांचा दंड वाढवणारी बोली) करायची उत्तम संधी. टू नो बोलून मी ती संधीच घालवतो.

लीड_कोणाची

वा. हे भिडूलाही ऐकवा. पासमागे 11 दडलेले असू शकतात हे माहीत झालं की समोरचे पुढच्या वेळी छेडताना विचार करतात.

चौथा_भिडू

इन्व्हाइट करायचंच असेल तर टू नो सोडून दुसरा मार्ग आहे का?

पुणेरी_डमी

आहे. बरेच जण टू इस्पिक ही बोली 'किलवर किंवा सपाट इन्व्हाइट' अशा दुहेरी अर्थाने ठेवतात. उघडणारा खालच्या टोकाला असेल तर टू नो, वरच्या टोकाला असेल तर थ्री किलवर. फायदा असा की प्रश्न विचारणाऱ्याचा हात सपाट आहे की किलवरचा, हे बचावाला लगेच कळत नाही, आणि टू नो ही बोली चौकटीच्या ट्रान्सफरला (भिडूला चौकट बोलायला लावण्याला) मोकळी होते. तोटा एकच: नको तेव्हा टू इस्पिकला डबल करून उतारी सुचवायची सोय विरुद्ध बाजूला मिळते.

चौथा_भिडू

आणि हातात चार पानी बदाम किंवा इस्पिक असेल, 11 पॉइंट, तर? स्टेमन (टू किलवर बोलून भिडूकडे चार पानी बदाम-इस्पिक आहेत का ते विचारणं) करून विचारायचं ना?

सातारचा_भिडू

आकारावर. 4-3-3-3 असेल तर स्टेमनही नको, वर झालेली सगळी चर्चा तशीच लागू, पास. 4-4-3-2 असेल आणि दोन्ही मोठे रंग चार-चार असतील, तर टू किलवर जरूर. जुळलं तर हुकुमाच्या डावात दोन पानांच्या रंगात कापून एखादा हात जास्त मिळतो, म्हणून तो रंग तीनवर नेऊन इन्व्हाइट. न जुळता टू चौकट आलं तर टू नोवर जावं लागतं, तो धोका पत्करायचा. एकच मोठा रंग असेल तर मात्र लक्षात ठेवा: वन नो – टू किलवर – टू बदाम – टू नो या बोलीतून तुमची चार इस्पिक आणि भिडूचे चार बदाम, दोन्ही टेबलावर उघडे पडतात. तिथे त्या 11 मध्ये दश्शी-नव्वी नसतील तर मी स्टेमनच्याही आधी पास करतो.